घरच्या इंकजेटवर छापलेला फोटो चांगला की वाईट, हे कशावरून ठरवायचं?

मलप्रभाकाठ | खानापूर

आपल्या बेळगाव-खानापूर-निपाणी पट्ट्यात आता बऱ्याच घरांत टँकवाला फोटो प्रिंटर आलाय. बारसं, हळद, शिवजयंतीची मिरवणूक, राजहंसगडावरची सहल, सगळं घरीच छापतात. छापून झालं की दोन प्रिंट शेजारी ठेवतात, आणि चर्चा "ही जरा बरी वाटते" इथंच थांबते. दुकानातली डेमो प्रिंट तर नेहमीच छान दिसते, कारण त्यात फुलपाखरू, फुगे नाहीतर लाल ढोबळी मिरची असते. असल्या फोटोवरून काहीच कळत नाही.

जाणकारांनी नीट लिहावं. कोणता फोटो छापून बघायचा, कुठल्या उजेडात, किती लांबून? आणि प्रिंट वाईट आली तर दोष फाइलचा, सेटिंगचा, कागदाचा, शाईचा की हेडचा, हे कसं ओळखायचं? कोणता प्रिंटर घ्यावा हा विषय इथे नको, त्यावर वेगळा धागा काढू.

शाईची दौत | शहापूर, बेळगाव

तुमच्या शेवटच्या प्रश्नातच सगळं आलं. दोष कुणाचा हे सांगता आलं तरच प्रिंट पारखता आली. नाहीतर माणूस कागद बदलत बसतो आणि चूक असते ड्रायव्हरमध्ये, म्हणजे प्रिंटरच्या सॉफ्टवेअरमध्ये.

प्रिंट बघायच्या आधी नोझल चेक काढा, म्हणजे हेडच्या बारीक छिद्रांतून (नोझलमधून) शाई नीट येते का ते दाखवणारी चाचणी. तो साध्या कागदावर निघतो, शाई नावाला लागते. प्रत्येक रंगाच्या बारीक रेघांचा जिना छापला जातो. एकही रेघ तुटलेली असली तर पुढची परीक्षा करू नका, ती प्रिंटरवर अन्याय करणारी ठरते. पिवळा आणि फिक्या शायांचे जिने नुसत्या डोळ्यांना नीट दिसत नाहीत. त्यासाठी खोलीत अंधार करून मोबाईलचा पूर्ण पडदा निळा करायचा आणि तो उजेड कागदावर पाडायचा. निळ्या उजेडात पिवळ्या रेघा काळ्या दिसतात. फिक्या किरमिजीसाठी (लाइट मॅजेंटा) पडदा हिरवा करा, फिक्या निळसरसाठी (लाइट सायन) लाल. तुटलेली रेघ लगेच सापडते.

रेघा तुटल्या असतील तर हेड क्लीनिंग एकदा, पुन्हा नोझल चेक. जास्तीत जास्त तीनदा. तरी सुटलं नाही तर प्रिंटर बंद करून ठेवा, १२ तास हात लावू नका. सुकलेली शाई ओलावून आपोआप सैल होते. लागोपाठ सात-आठ क्लीनिंग मारली तर टाकी रिकामी होते, वाया गेलेली शाई शोषणारं आतलं वेस्ट इंक पॅड भरतं, आणि नोझलमध्ये हवा शिरून होतं त्यापेक्षा वाईट होतं.

आता परीक्षेची फाइल. इंटरनेटवर तयार मिळतात, पण आपली आपण केलेली बरी, कारण तिच्यात काय आहे ते आपल्याला पक्कं ठाऊक असतं. जिंप किंवा फोटोशॉपमध्ये १८०० बाय १२०० पिक्सेलची फाइल घ्या. ३०० पीपीआयला (इंचाला ३०० पिक्सेल) ती बरोबर ६ बाय ४ इंच होते. रंगाची जात एसआरजीबी. सेव्ह पीएनजी किंवा टिफमध्ये करा. जेपेगमध्ये बारीक रेघांभोवती कचरा येतो आणि तो प्रिंटरच्या नावावर जातो.

वरच्या पट्टीत काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत ग्रेडियंट टाका आणि त्यावर पोस्टराइज २१ द्या, म्हणजे करड्याच्या २१ पायऱ्या होतात. खाली तोच ग्रेडियंट पोस्टराइज न करता, सलग. त्याच्या खाली निळसर (सायन), किरमिजी (मॅजेंटा), पिवळा, लाल, हिरवा, निळा, काळा अशा रंगांचे भरीव चौकोन, आणि प्रत्येकाचा एक फिका जोडीदार. मग एक एक पिक्सेलच्या काळ्या रेघा, मध्ये एक पिक्सेल पांढरा, एक गट उभा आणि एक आडवा. एका कोपऱ्यात ४ पॉइंटमध्ये देवनागरी: "श्री, क्षत्रिय, ऱ्हस्व, कृष्णार्पण, गंगा". रफार आणि अनुस्वाराचा ठिपका हेड किती स्वच्छ ठिपका टाकतं ते लगेच दाखवतात. रोमन अक्षरं तेवढी कडक परीक्षा घेत नाहीत.

उरलेल्या जागेत ओळखीच्या गोष्टींचे फोटो. त्यावर पुढे कुणीतरी लिहीलच.

छापताना फिट टू पेज बंद, १०० टक्के आकार, बॉर्डर ठेवून. कागदाचा प्रकार पाकिटावर जो सांगितलाय तोच ड्रायव्हरमध्ये. क्वालिटी हाय.

खडेबाजारकर | बेळगाव

बॉर्डरलेसबद्दल एक भर. बॉर्डरलेस निवडलं की ड्रायव्हर चित्र थोडं फुगवतो, कडेला पांढरी फट राहू नये म्हणून. त्यामुळे पासपोर्ट फोटोचं शीट बॉर्डरलेसमध्ये काढलं तर ३५ बाय ४५ मिमीचा फोटो ३६ बाय ४६ च्या आसपास जातो आणि फॉर्मच्या चौकोनात बसत नाही. परीक्षेच्या फाइलमध्ये १०० मिमीची एक रेघ टाका आणि छापल्यावर पट्टीने मोजा. १०० च्या जागी १०२ आली तर बॉर्डरलेस नाहीतर फिट टू पेज चालू राहिलंय.

येळ्ळूर_३० | येळ्ळूर

उजेडावर लिहितो. हा मुद्दा लोक सर्वांत जास्त हलक्यात घेतात.

छपाईच्या धंद्यात प्रिंट बघायचा उजेड ठरलेला असतो. आयएसओ ३६६४ या मानकात ५००० केल्विनचा उजेड धरलाय. दोन प्रिंट काटेकोर ताडून बघायला २००० लक्स, आणि प्रिंट घरात नाहीतर प्रदर्शनात कशी दिसेल ते बघायला ५०० लक्स. घरातल्या एका ट्यूबखाली रात्री १००-१५० लक्सच्या आसपास मिळतात. तेवढ्यात काळ्या भागातला तपशील कुणालाच दिसणार नाही, आणि प्रिंट "काळी आली" अशी तक्रार होते.

घरच्या घरी सोपा उपाय म्हणजे सकाळी १० ते दुपारी ४ मध्ये उत्तरेकडची खिडकी. थेट ऊन नको. भिंत रंगीत असेल तर तिच्यापासून लांब. आपल्याकडे हिरव्या-गुलाबी ऑइलपेंटच्या भिंती पुष्कळ आहेत आणि त्यांची झाक कागदावर पडते. पावसाळ्यात आठ-आठ दिवस आभाळ उघडत नाही, तेव्हा एलईडी बल्ब वापरा. खोक्यावर सीआरआय (त्या उजेडात रंग किती खरे दिसतात याचा आकडा) ९० किंवा जास्त लिहिलेलं असायला हवं. बाजारातले बरेच बल्ब ८० चे असतात आणि त्यांच्या उजेडात लाल रंग मरतो.

मग तीच प्रिंट पिवळ्या बल्बखाली बघा. खिडकीत करडा दिसणारा भाग बल्बखाली गुलाबी किंवा हिरवा झाला तर त्याला मेटामेरिझम म्हणतात. करडा रंग तीन रंगीत शाया मिसळून केलेला असला की हे जास्त होतं. काळी किंवा करडी शाई जास्त वापरणाऱ्या प्रिंटरवर कमी. फोटो हॉलमध्ये पिवळ्या दिव्याखाली लावायचा असेल तर हा दोष मोठा धरा. अल्बममध्ये जाणार असेल तर सोडून द्या.

मलप्रभाकाठ | खानापूर

अंतर किती? बरेच जण भिंग लावून बसतात.

येळ्ळूर_३० | येळ्ळूर

निरोगी डोळ्याला साधारण एक मिनिट कोनाइतका तपशील वेगळा दिसतो. ३० सेंमीवर त्याचे ०.०८७ मिमी होतात, म्हणजे इंचाला सुमारे २९० ठिपके. सगळे म्हणतात तो ३०० पीपीआयचा आकडा इथून येतो. फोटो किती लांबून बघायचा याचा ठोकताळा म्हणजे कर्णाच्या दीडपट. ४ बाय ६ चा कर्ण १८ सेंमी, तो आपण हातात धरून २५-३० सेंमीवर बघतो. ए-४ चा कर्ण ३६ सेंमी, म्हणजे ५५ सेंमी. त्या अंतरावर १६० पीपीआय पुरतात.

म्हणून व्हॉट्सॲपवरून आलेला फोटो ४ बाय ६ ला चालून जातो, ए-४ ला फसतो. साध्या पाठवणीत लांब बाजू साधारण १६०० पिक्सेलच्या आसपास राहते. ए-४ च्या २९७ मिमीवर ती पसरली की १३७ पीपीआय उरतात, वर कॉम्प्रेशनचे चौकोन. गालावर, आभाळात ते चौकोन दिसले की प्रिंटरला दोष देऊ नका. मूळ फाइल डॉक्युमेंट म्हणून मागवा.

आणि खोक्यावरचे ५७६० बाय १४४० डीपीआय हे शाईचे ठिपके आहेत, फोटोचे पिक्सेल नाहीत. एका पिक्सेलचा रंग दाखवायला बरेच ठिपके लागतात. ५७६० पीपीआयची फाइल करून पाठवण्यात काही अर्थ नाही.

शाईची दौत | शहापूर, बेळगाव

भिंगाबद्दल थोडा मतभेद. निकाल हाताच्या अंतरावरूनच द्यावा, हे मान्य. पण कारण शोधायला १० पट भिंग लागतंच. फिक्या आभाळात भिंगातून काळे किंवा गडद निळे ठिपके सुटे सुटे दिसले तर तो चार शाईचा प्रिंटर आहे, किंवा सहा शाईच्यावर फिकी शाई येत नाहीये. सहा शाईवाल्यात फिका निळसर आणि फिका किरमिजी असतो तो यासाठीच, गालावरचा आणि आभाळातला कण दिसू नये म्हणून. ठिपक्यांच्या कडा फाटलेल्या, केसासारखे तंतू फुटलेले दिसले तर कागद शाई ओढून घेतोय, कोटिंग हलकं आहे. ठिपका गोल, पण शेजारी एक बारीक पिल्लू ठिपका असेल तर तो थेंब उडताना तुटलेला अंश असतो, हेड अलाइनमेंटने तो जात नाही.

घटप्रभा_तीर | गोकाक

रेघांवर सविस्तर लिहितो, कारण "प्रिंट लाइन मारतेय" ही सगळ्यात जास्त ऐकू येणारी तक्रार आहे आणि तिची निदान चार वेगवेगळी कारणं असतात.

हेड ज्या दिशेने धावतं त्या दिशेला समांतर रेघा म्हणजे बँडिंग. आधी भरीव चौकोन बघा. रेघ एकाच रंगाच्या चौकोनात असेल, समजा फक्त निळसरमध्ये, तर त्या रंगाचं नोझल बंद आहे. सगळ्या रंगांत सारख्याच अंतरावर असेल तर कागद सरकण्यात गडबड आहे. रेघ पांढरी असेल तर कागद गरजेपेक्षा जास्त सरकतोय आणि दोन फेऱ्यांमध्ये फट राहतेय. रेघ गडद असेल तर कमी सरकतोय आणि फेऱ्या एकमेकींवर चढतायत. रोलरवर कागदाची भुकटी बसली की हे होतं. कागदाचा प्रकार चुकीचा निवडला तरी होतं, कारण जाडीप्रमाणे प्रिंटर सरकवण्याचा हिशेब बदलतो. सेवा मेनूत पेपर फीड ॲडजस्टमेंट असेल तर त्याचं शीट काढून सर्वांत सलग चौकोनाचा नंबर भरायचा.

रेघा फक्त कागदाच्या शेवटच्या दोन-तीन सेंमीत असतील तर काळजी करू नका. कागदाचं शेपूट मागच्या रोलरमधून सुटतं तेव्हा छोटा झटका बसतो. बॉर्डर ठेवून छापा, आणि महत्त्वाचा चेहरा त्या कडेला येऊ देऊ नका.

आता एक पिक्सेलच्या रेघा बघा. आडव्या स्वच्छ आणि उभ्या जाड किंवा दुहेरी आल्या तर हेड जाताना आणि येताना ठिपका एकाच जागी टाकत नाही. ड्रायव्हरमधलं हाय स्पीड किंवा बायडायरेक्शनल बंद करा. वेळ जवळपास दुप्पट लागतो, पण डोळ्यांच्या पापण्या आणि केस लगेच तीक्ष्ण होतात. मग हेड अलाइनमेंट करून पुन्हा चालू करून बघा.

चौथं कारण म्हणजे खरवड. गडद भागावर ओरखड्यासारखा शाईचा डाग, बहुतेक वेळा कोपऱ्याजवळ. कागदाची कड उचललेली असते आणि हेड तिला घासतं. आणि उन्हाच्या तिरक्या किरणात प्रिंट धरली की काळ्या भागात टाचणीच्या टोकासारख्या खळग्यांची सरळ रांग दिसते, ती बाहेर ओढणाऱ्या दातेरी चाकांची. त्याचा अर्थ शाई जास्त पडतेय किंवा कागद ती वेळेत पीत नाहीये.

निपाणी_नाका | निपाणी

कड उचलण्यावरून आठवण करून देतो, आपल्या हवेचा विचार करा. जून ते सप्टेंबर खानापूर, कणकुंबी, चोर्ला या बाजूला हवा इतकी दमट असते की उघडं पाकीट दोन दिवसांत वाकतं. कागद झिपच्या पिशवीत, सिलिका जेलची पुडी टाकून ठेवा, ट्रेमध्ये लागतील तेवढेच घाला. दमट हवेत प्रिंट वाळायलाही वेळ लागतो. त्या दिवसांत छापलेल्या प्रिंटवरून कागदाला नापास करू नका. तोच कागद मार्चमध्ये पास होईल.

उन्हाळ्यात उलटं होतं. हवा कोरडी, प्रिंटर आठवडाभर बंद, नोझल सुकतात. आठवड्यातून एकदा सगळे रंग असलेली छोटी प्रिंट काढा. आणि छापता छापता करंट गेला तर हेड टोपीखाली न जाता अर्ध्या वाटेत उघडं राहतं. करंट आल्यावर प्रिंटर लगेच चालू करा, तो हेड स्वतःच जागेवर नेतो. तसाच रात्रभर ठेवला तर सकाळी नोझल चेक अर्धा येणार. बंद करतानाही भिंतीच्या बटणाने नको, प्रिंटरच्या बटणाने.

खडेबाजारकर | बेळगाव

कागदावर कुणी बोललं नाही अजून. बाजारात "फोटो ग्लॉसी" नावाखाली दोन वेगळ्या जाती विकल्या जातात. पहिली कास्ट कोटेड, साधारण १८० ते २३० जीएसएम (चौरस मीटरला ग्रॅम), पाठ साध्या कागदासारखी. दुसरी आरसी, म्हणजे मधल्या कागदाला दोन्ही बाजूंनी प्लास्टिकचा थर, २४० ते २७० च्या आसपास, पाठ गुळगुळीत. पाकिटावर कसलंही नाव असू दे, पाठीवर पाण्याचा एक थेंब टाका. दोन मिनिटांनी पुसल्यावर ओला डाग राहिला तर कास्ट कोटेड. पाणी जसंच्या तसं पुसून निघालं तर आरसी. किंवा कोपरा फाडा. आरसीची फाटलेली कड रबरासारखी ताणून पांढरे धागे सोडते.

कास्ट कोटेड वाईट असं नाही. शाळेचे प्रोजेक्ट, फॉर्मचे फोटो, स्टिकर यांना पुरतो. पण गडद फोटोत तो शाई पिऊन लाटतो, म्हणजे पाठीमागून हात फिरवला की लाटा लागतात. काळाही आरसीइतका खोल येत नाही. अल्बम आणि फ्रेम असेल तर आरसीच. मॅट कागदाची गोष्ट वेगळी. त्याचा काळा मुळातच उथळ दिसतो, तो दोष नाही, जात आहे. मॅटची तुलना मॅटशीच करा.

चुकीच्या सेटिंगच्या खुणाही सांगतो. ग्लॉसी कागदावर प्लेन पेपर सेटिंग राहिलं तर प्रिंट फिकी, कणीदार येते. ज्या प्रिंटरची काळी शाई पिगमेंट (न विरघळणाऱ्या रंगकणांची) आहे त्यात ती वरच बसते आणि बोटाने पुसली जाते. उलट, साध्या कागदावर ग्लॉसी सेटिंग दिलं तर शाईचा पूर येतो, गडद भागात चामड्यासारखी खरबरीत डबकी दिसतात, मागून रंग उमटतो. उलट्या बाजूला छापलं तर शाई तशीच ओली राहते. बोट जरा ओलं करून कोपऱ्याला लावा, चिकटते ती छापायची बाजू.

कुंदा_ब्राऊन | टिळकवाडी, बेळगाव

रंग पारखायला ओळखीच्या गोष्टी घ्या, असं वर दौतने लिहिलंय. माझी यादी अशी: हळद लावलेला चेहरा, खणाचं कापड, भगवा झेंडा, पावसाळ्यातलं हिरवं शेत आणि आपली बेळगावी मिठाई, कुंदा.

कुंदा मुद्दाम. खमंग तपकिरी रंगात तिन्ही शाया मिसळतात, आणि आपल्या प्रत्येकाच्या डोळ्यात तो पक्का बसलेला असतो. तपकिरीत किरमिजी जरा वाढला की कुंदा विटेसारखा दिसतो, निळसर वाढला की शिळा. इतक्या बारीक फरकाला २१ पायऱ्यांच्या पट्टीत बघायला सराव लागतो, कुंद्यात लहान पोरगंही सांगतं.

हळदीचा चेहरा सर्वांत कठीण. पिवळा भरपूर, त्याखाली त्वचेचा तांबूसपणा. तांबूसपणा गेला की चेहरा कावीळ झाल्यासारखा हिरवट होतो. खणाच्या कापडात बारीक ठिपक्यांची बुट्टी असते, तिच्यात तीक्ष्णपणा कळतो. बुट्टी सुटी दिसली पाहिजे. तिच्या जागी नागमोडी पट्टे दिसले तर आधी फाइल स्क्रीनवर १०० टक्क्यांवर बघा. तिथेही पट्टे असतील तर ते कॅमेऱ्यात आलेत.

भगव्याबद्दल एक सावधगिरी. झेंड्याच्या घड्या दिसत नाहीत, सगळा एकसारखा नारिंगी पत्रा दिसतो, अशी तक्रार असते. मोबाईलचा कॅमेरा लाल चॅनल आधीच २५५ ला, म्हणजे वरच्या टोकाला, चिकटवतो. घडी फाइलमध्येच नसेल तर प्रिंटर कुठून आणणार? हिस्टोग्राममध्ये (फोटोतल्या रंग-उजेडाचा आलेख) लाल उजव्या भिंतीला टेकलाय का बघा. मिरवणुकीतल्या रात्रीच्या चित्ररथांच्या फोटोतही हेच होतं.

आणि शुद्ध निळा किंवा शुद्ध हिरवा चौकोन स्क्रीनसारखा आला नाही म्हणून प्रिंटर बाद करू नका. निळा २५५ सगळ्याच शायांत जांभळट येतो, हिरवा २५५ मंद. शाईच्या आवाक्याबाहेरचे रंग आहेत ते.

शाईची दौत | शहापूर, बेळगाव

कुंद्याची कसोटी फार आवडली. त्याला पट्टीची जोड देतो. करड्या पायऱ्यांत झाक कुठे येते त्यावरून शाई ओळखता येते. सगळीकडे लालसर झाक असेल तर निळसर कमी पडतोय. हिरवट असेल तर किरमिजी, निळी असेल तर पिवळा. झाक फक्त फिक्या पायऱ्यांत आणि गडद पायऱ्या ठीक, तर फिकी शाई कमी पडतेय. फिक्यात एक झाक आणि गडदात उलटी, असं दिसलं तर नोझल सोडून प्रोफाइल (त्या शाई-कागदावर रंग कसे छापायचे याची फाइल) आणि शाई यांचं जुळत नाहीये, बहुतेक वेळा शाई दुसऱ्या जातीची आहे. पूर्ण ब्लॅक अँड व्हाइट फोटोत हे लपत नाही, म्हणून तो एक तरी छापाच.

गडद टोकाला आरजीबी (० काळा, २५५ पांढरा) ०, ५, १०, १५, २०, २५, ३० चे चौकोन एकमेकांना चिकटून ठेवा. आरसीवर खिडकीच्या उजेडात १५ आणि २० मधली सीमा दिसायला हवी. फिक्या टोकाला २५५, २५०, २४५, २४०. २४५ चा चौकोन कागदात विरून गेला तर लग्नातल्या पांढऱ्या टोपीच्या चुण्या जाणार.

निपाणी_नाका | निपाणी

"स्क्रीनवर छान, कागदावर काळा" हा प्रकार दहातल्या नऊ वेळा स्क्रीनचा असतो. मॉनिटर ८० ते १२० कँडेला प्रति चौरस मीटर इतकाच हवा. घरी तो त्याच्या कितीतरी वर लावलेला असतो. मोजायचं यंत्र लागत नाही. स्क्रीनवर कोरी पांढरी फाइल उघडा, शेजारी खिडकीच्या चांगल्या उजेडात कोरा फोटो कागद धरा, आणि ब्राइटनेस दोन्ही पांढरे सारखे दिसेपर्यंत उतरवा. नंतर फोटो दुरुस्त करा.

दुसरं म्हणजे रंगाचा कारभार दोघांनी करायचा नाही. फोटोशॉपमध्ये प्रोफाइल निवडला असेल तर ड्रायव्हरमधलं कलर अ‍ॅडजस्टमेंट ऑफ. ड्रायव्हरकडे सोपवलं असेल तर फोटोशॉपमध्ये प्रिंटर मॅनेजेस कलर. दोन्हीकडे चालू राहिलं की रंग दोनदा फिरतात, चेहरे भडक किंवा गुलाबी होतात.

घटप्रभा_तीर | गोकाक

ताजी प्रिंट बघून निकाल देणाऱ्यांनी थांबावं. शाईतलं पाणी मिनिटांत उडतं, पण ग्लायकॉलसारखी सावकाश उडणारी द्रव्यं तासन्‌तास निघत राहतात. तोवर रंग हलतो. २४ तास उघड्यावर, एकमेकींवर न ठेवता, किंवा मध्ये साधा कागद घालून वाळवा. लगेच फ्रेम केली तर काचेच्या आत धुक्यासारखा थर बसतो. लगेच लॅमिनेशन केलं तर गडद भागात बुडबुडे.

टिकण्याची परीक्षा घरी होते, फक्त वेळ द्यावा लागतो. एकाच फाइलच्या तीन प्रिंट. पहिली काळ्या पुठ्ठ्याने अर्धी झाकून ऊन येणाऱ्या खिडकीत. दुसरी सावलीत पण उघड्या हवेत, वारा लागेल अशी. तिसरी लिफाफ्यात घालून कपाटात. चार आठवड्यांनी तिन्ही शेजारी ठेवा. पहिलीचा उघडा भाग फिका पडला तर उजेडाने. दुसरीही उडाली तर हवेतल्या ओझोनने. सच्छिद्र कोटिंगवर डाय (विरघळलेल्या रंगाच्या) शाईचं हे नेहमीचं दुखणं. अशा प्रिंटला काचेमागे ठेवलं तर बरंच वाचतं, कारण हवा लागत नाही. पीव्हीसीच्या स्वस्त अल्बमपेक्षा पॉलिप्रोपिलीनचे पॉकेट घ्या.

कागद पिवळा पडेल का याचा अंदाज नोटा तपासायच्या दिव्याखाली घेता येतो. दुकानदारांच्या गल्ल्यापाशी असतो तो जांभळा दिवा. कागद निळा चमकला तर त्यात ऑप्टिकल ब्राइटनर भरपूर आहे. आज तो खूप पांढरा दिसेल, पण ब्राइटनर उजेडात मरत जातो आणि पांढरा मग मूळच्या पिवळट रंगावर येतो.

येळ्ळूर_३० | येळ्ळूर

लॅबच्या प्रिंटशी तुलना करणाऱ्यांसाठी. पारंपरिक लॅबचा कागद रासायनिक असतो, त्यात ठिपके नसतात, भिंगाखाली सलग रंग दिसतो. कण या एका बाबतीत घरची प्रिंट हरणारच. पिवळ्या-निळसर रंगांचा भडकपणा आणि आरसीवरचा काळा यांत चांगला इंकजेट मागे राहत नाही. म्हणून तुलना हाताच्या अंतरावरून करा आणि फाइल एकच द्या. लॅबवाल्यांना "ऑटो करेक्शन नको" सांगा, नाहीतर मशीन परस्पर फोटो उजळते.

खडेबाजारकर | बेळगाव

कंपॅटिबल शाईवरून वाद होईल, तरी लिहितो. स्वस्त शाईची प्रिंट पहिल्या दिवशी ओरिजिनलइतकी छान दिसू शकते. पण कंपनीचे प्रोफाइल त्या शाईसाठी केलेले नाहीत, आणि प्रत्येक बाटलीचा रंग सारखा येईलच असं नाही. गिऱ्हाइकाला पैसे घेऊन फोटो द्यायचा असेल तर नको. घरच्या फॉर्मला चालेल. वापरायचीच असेल तर वरची खिडकीची परीक्षा दोन्ही शायांवर एकदम लावा आणि स्वतःच्या डोळ्यांनी बघा.

मलप्रभाकाठ | खानापूर

खूप उपयोगी. आता एक प्रिंट सांगतो, निदान करा. सहा शाईचा प्रिंटर, आरसी २६० जीएसएम, सेटिंग बरोबर, २४ तास वाळलेली, उत्तरेच्या खिडकीत बघितली. हळदीचे गाल हिरवट, फिके ढगही हिरवट. लाल शालू मात्र एकदम ठीक, काळे केस ठीक. रेघा कुठेच नाहीत.

कुंदा_ब्राऊन | टिळकवाडी, बेळगाव

शालू ठीक म्हणजे गडद किरमिजी येतोय. फिक्या भागातच हिरवट, म्हणजे फिका किरमिजी कमी. पट्टीत पांढऱ्याकडच्या सात-आठ पायऱ्या हिरव्या असणार.

मलप्रभाकाठ | खानापूर

होय की! पांढऱ्याकडून मोजत सातव्या पायरीपर्यंत हिरवट आहे. नोझल चेक मोबाईलच्या हिरव्या उजेडात धरला तर फिक्या किरमिजीचा जिना जवळजवळ पूर्ण गायब. साध्या उजेडात तो बरोबर आहे असंच वाटत होतं.

शाईची दौत | शहापूर, बेळगाव

सगळा जिना एकदम गेला असेल तर कचऱ्यापेक्षा हवा शिरल्याची शक्यता जास्त. टाकीची पातळी खालच्या खुणेच्या वर आहे का आधी बघा, टोपण नीट बसलंय का बघा. प्रिंटर वाहतुकीसाठी बंद करायची कळ असेल तर ती प्रिंटच्या बाजूला आहे ना तेही. मग एक क्लीनिंग, नोझल चेक, आणि रेघा वाढल्या असतील तर दुसरी. वाढल्या नसतील तर १२ तास थांबा. जिना पूर्ण आल्यावर तीच फाइल, त्याच पाकिटातला कागद. आजच्या प्रिंटच्या पाठीवर तारीख आणि "फि. कि. बंद" असं मार्करने लिहून ठेवा, उद्याची तिच्याच शेजारी खिडकीत धरायची आहे.